स्कोर सांगू नकोस

अनघाचा फोन आला तेव्हा मी मागच्या शेडपाशी सायकलच्या चाकात हवा भरत होतो. ऑक्टोबर सरत आला होता, दुपारची वेळ होती, पाऊस नव्हता पण सगळं ओलं होतं. तिचं नाव दिसलं आणि मला आधी बरंच वाटलं, कारण आज मिलिंदचं गुंगीचं औषध थोडं कमी करून बघणार आहेत असं तिने सकाळी कळवलं होतं. मी पंप खाली टाकला आणि म्हणालो, "बोल. उठला का?" मागे कुणीतरी हळू आवाजात डचमध्ये काहीतरी सांगत होतं, बहुधा नर्स असावी. मग अनघा म्हणाली, "सुहास, मिलिंद गेला रे." ... अशा वेळी माणसाला काय वाटायला हवं हे मला माहीत आहे. पण माझ्या मनात सगळ्यात आधी आलं ते हे, की अरे, त्याने शेवटची मॅच अजून बघितलेली नाही.

मॅच बास्केटबॉलची. अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या त्या वर्षीच्या अंतिम मालिकेतली शेवटची. मिलिंद म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र, मूळ पुण्याचा, गेली बरीच वर्षं ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या डीमनमध्ये राहणारा, आयटीत काम करणारा, अनघाचा नवरा आणि रेवाचा बाबा. पन्नाशीही न गाठलेला असा माणूस करोनाने गेल्याचं कळतं आणि मित्राला टीव्हीवरची मॅच आठवते, हे वाचणाऱ्याला विचित्र वाटेल. मिलिंदला ओळखणाऱ्या कुणालाच ते वाटणार नाही.

आमच्या शाळेच्या मागे सिमेंटचं एक कोर्ट होतं. मैदानावर क्रिकेटवाल्यांचं राज्य, आणि ज्यांना तिथे बॅटिंग मिळत नसे ते आपसूक कोर्टावर जमत. रिंगांना जाळ्या नव्हत्या, त्यामुळे बॉल आतून गेला की बाहेरून यावर रोज भांडण व्हायचं. आमची मैत्री त्या भांडणातूनच झाली. मिलिंद ताडमाड उंच आणि मी त्याच्या खांद्याला लागेन एवढा. तो बॉल टाकायचा आणि मी खाली उभा राहून ठामपणे सांगायचो, "बाहेरून गेला."

त्याचा मामा न्यू जर्सीला होता. दर हिवाळ्यात येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाबरोबर तरी तो बदाम, शॅम्पू आणि एक-दोन व्हिडिओ कॅसेट पाठवायचा. कॅसेटमध्ये तिकडच्या टीव्हीवरून उतरवलेल्या मॅचेस. पण तिकडची कॅसेट आपल्याकडच्या व्हीसीआरवर धड चालत नसे. रंग यायचा नाही आणि चित्र खालून वर सरकत राहायचं. मिलिंदचे वडील टीव्हीच्या मागे हात घालून बटण पिळत बसायचे आणि आम्ही दोघं मान वर-खाली करत मॅच बघायचो. खेळाडूंची डोकी पडद्याच्या तळाशी आणि पाय वर, असं कितीतरी वेळ. तरी ते जे काही होतं ते आम्ही आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात सुंदर होतं. त्या मॅचेस होऊन कित्येक महिने झालेले असत. पण पुण्यात कुणालाच निकाल माहीत नसायचा, ना वर्तमानपत्रात यायचा ना रेडिओवर. आमच्यासाठी त्या तिथेच, त्या खोलीत, त्याच दुपारी चालू असत. एकदा कॅसेट यायच्या आधी मामाचा फोन आला आणि ट्रंक कॉलच्या खरखरीतून त्याने आनंदाने निकाल ओरडून सांगितला. मिलिंद त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "मॅच शिळी नसते रे. बघणारा शिळा होतो." तेव्हा तो नववीत होता. हे वाक्य त्याने पुढे आयुष्यभर वापरलं आणि दर वेळी नव्यानेच सुचल्यासारखं वापरलं.

नंतर मी शिकायला इकडे डच मुलखात, एनस्खेडे या शहरात आलो. तिथल्या विद्यापीठाच्या संघात मला घेतलं ते केवळ भारतातून बास्केटबॉल खेळायला कुणीतरी आलंय या कुतूहलाने. मी मामाच्या कॅसेटमध्ये पाहिलेलं सगळं करून दाखवायला लागलो. बॉल घेऊन तिघांना चकवायचं, उडी मारायची, हवेत हात बदलायचा. आमचा प्रशिक्षक हा शाळामास्तरासारखा दिसणारा एक उंच डच माणूस होता. त्याने मला बाकावर बसवलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "तू इथे एकटाच आला आहेस का?" मला आधी वाटलं, घरच्यांची चौकशी करतोय. मी आई-वडिलांबद्दल सांगायला लागलो तेव्हा बाकावरची सगळी पोरं हसली. त्या हिवाळ्यात मी पास द्यायला शिकलो. बॉल आपल्या हातात कमीत कमी वेळ ठेवायला शिकलो. आणि हळूहळू मला कळलं की हा निराळाच खेळ आहे आणि मला हाच आवडतो.

इथून आमचं ते वीस-बावीस वर्षांचं भांडण सुरू झालं. मिलिंद इकडे आला तेव्हा मी लायडस्खेनडाम-फोरबर्ग या डच गावात स्थिरावलो होतो. त्याला खमेन्टमध्ये, म्हणजे पालिकेत, नाव नोंदवायला मीच घेऊन गेलो आणि जुनी सायकल घ्यायला मदतही मीच केली. पण खांद्यावरची बॅग खाली ठेवायच्या आधी तो म्हणाला, "ते तुमचं युरोपियन बास्केटबॉल बघितलं. भजनी मंडळ आहे." मी म्हणालो, "आणि तुमची सर्कस." झालं. त्याचं म्हणणं, अमेरिकेत बारा-बारा मिनिटांचे चार डाव म्हणजे पोटभर जेवण, युरोपात दहा-दहा मिनिटांचे म्हणजे उपासाचा फराळ. माझं म्हणणं, दहा मिनिटांत जो नीट खेळतो त्याला जादा दोन मिनिटं लागत नाहीत. तो म्हणायचा, तिकडे खेळाडू स्वतः टाइमआउट मागू शकतो, इकडे फक्त कोचने मागायचा, म्हणजे पोरांना तोंडच नाही. मी म्हणायचो, तिकडे एखाद्या खेळाडूला सकाळी उठल्यावर कळतं की आपण रात्रीत दुसऱ्या शहराला दिले गेलो, बायकामुलांसकट. इकडे क्लब म्हणजे गाव असतं. तिथली बारकी पोरं तिथेच मोठी होतात आणि म्हातारी झाली की त्याच हॉलमध्ये कॉफी पीत बसतात. माझी बायको म्हणायची, तुम्हा दोघांना खरं तर एकच गोष्ट आवडते, मग भांडता कशाला. आम्ही तिला कधी उत्तर दिलं नाही, कारण ते तिला कळण्यासारखं नव्हतं आणि आम्हालाही सांगता येण्यासारखं नव्हतं.

एकदा मी त्याला आमच्या भागातल्या क्लबची मॅच बघायला ओढून नेलं. हॉल शाळेच्या जिमपेक्षा थोडा मोठा. कोचने खेळाडूला हासडलेली शिवी शेवटच्या रांगेत ऐकू येत होती. क्लबच्या ज्युनिअर संघातल्या मुली फरशीवरचा घाम पुसत होत्या. मॅच संपल्यावर सगळ्यात जास्त गुण केलेला खेळाडू आला आणि लोकांबरोबर घडीच्या खुर्च्या उचलायला लागला. मिलिंद बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. परतताना ट्रेनमध्ये म्हणाला, "खेळ साधाच आहे." मग खिडकीबाहेर बघत, "पण त्याच्या आईला सगळे नावाने हाक मारत होते, बघितलंस?" एवढीच कबुली. पुढच्या आठवड्यात परत भजनी मंडळ.

आमचं सगळ्यात मोठं भांडण मात्र एका छोट्या नियमावर होतं. बॉल टाकल्यावर तो कधी कधी रिंगवर पडतो आणि कडेवर घरंगळत राहतो, आत जाईना की बाहेर पडेना. अमेरिकेच्या नियमाने त्या वेळी कुणीही त्याला हात लावायचा नाही. त्याचं त्याला ठरवू द्यायचं. युरोपात, आणि बाकी जगातही, बॉल एकदा रिंगला लागला की ज्याचा हात पोहोचेल त्याने तो आत ढकलावा नाहीतर उडवून लावावा. मिलिंदला हे सहनच होत नसे. "बॉल अजून ठरवतोय ना? मग त्याला ठरवू दे. मध्ये हात घालणारे तुम्ही कोण?" असं तो दर वेळी विचारायचा. मी म्हणायचो, "जोवर ठरलेलं नाही तोवर हात घालता येतो, यालाच तर खेळणं म्हणतात. तुम्ही नुसते खाली उभे राहून तोंड वर करून बघता." या एका मुद्द्यावर आम्ही फोनवर, ट्रेनमध्ये, लग्नात, एकदा तर त्याच्या घरच्या गणपतीच्या आरतीत कुजबुजत भांडलो आहोत. आरतीत अनघाने दोघांनाही बाहेर काढलं होतं.

आता मिलिंदच्या पोह्यांबद्दल सांगायला हवं. अमेरिकेतल्या मॅचेस इथल्या घड्याळाने अपरात्री असतात. मिलिंद त्यासाठी जागत नसे. केबलच्या बॉक्सवर रेकॉर्डिंग लावून तो शांत झोपायचा आणि सकाळी पोहे करून, बशी घेऊन, सोफ्याला पाठ टेकून खाली कार्पेटवर बसायचा. सोफ्यावर कधीच नाही, कारण त्याचे लांब पाय तिथे मावत नसत. त्याची मॅच तेव्हा सुरू व्हायची. कामाचा दिवस असेल तर जेवणाच्या सुट्टीत, नाहीतर संध्याकाळी, पण पोहे मॅचबरोबरच. तोवर त्याला कुणी निकाल सांगायचा नाही हा घरचा कायदा होता. त्या कायद्यात ऑफिसमधले सहकारी, खालच्या मजल्यावरचे डच आजोबा आणि पुण्यातली सासुरवाडी, सगळे आले. बघून झाली की तो मला मेसेज पाठवायचा, "पोहे झाले." दोनच शब्द. मी लिहायचो, "बोल." की लगेच फोन वाजायचा आणि पुढचा अर्धा तास गेला. इतक्या वर्षांत मी त्या "पोहे झाले"च्या आधी कधी तोंड उघडलं नाही. मला निकाल माहीत असायचा. त्यालाही माहीत असायचं की मला माहीत आहे.

हा कायदा एकदाच मोडला. रेवा तेव्हा सहा-सात वर्षांची होती. इथे वाढलेल्या मुलांसारखीच तीही, मराठी सगळं समजतं पण उत्तर डचमध्ये. सकाळी टॅब्लेटवर काहीतरी बघताना तिला निकाल दिसला आणि ती धावत येऊन म्हणाली, "पापा, झे हेब्बन खेवोनन!" म्हणजे, बाबा, ते जिंकले. मग तिचं तिलाच कळलं आणि तिचा चेहरा पडला. मी त्या दिवशी त्यांच्याकडेच होतो. मिलिंदने शांतपणे पोह्यांवर लिंबू पिळलं आणि म्हणाला, "काय म्हणालीस राणी? मला डच येत नाही ना." आणि मग त्याने ती अख्खी मॅच बघितली. प्रत्येक बास्केटला ओरडला, शेवटी देवाचं नाव घेतलं, जिंकल्यावर तिला उचलून नाचला. त्याला डच माझ्यापेक्षा चांगलं यायचं. रेवाला ते कधी कळलं कोण जाणे, पण पुढे ती मोठी झाल्यावर घरी कुणाचं काही ऐकायचं नसलं की ती अगदी त्याच्यासारखी मान हलवून म्हणायची, "मला डच येत नाही."

मग ते वर्ष आलं. मार्चमध्ये शाळा, कॅफे, ऑफिसं सगळं बंद झालं आणि खेळही थांबले. काही आठवड्यांत आमच्या युरोपच्या मोठ्या लीगने जाहीर केलं की मोसम रद्द, विजेता कुणीच नाही. इथल्या डच लीगचंही तेच. मला ते बरोबर वाटलं. दवाखान्यांत जागा नव्हती, पुण्यात माझी आई एकटी होती, विमानं बंद होती. बॉल कुठे गेला याने काय फरक पडणार होता? अमेरिकेने मात्र सगळ्या संघांना उन्हाळ्यात फ्लोरिडातल्या एका रिसॉर्टमध्ये कोंडून घेतलं. रोज चाचण्या, प्रेक्षक नाहीत, कडेच्या भिंतींवरच्या पडद्यांवर घरी बसलेल्या लोकांचे चेहरे. मी मिलिंदला म्हणालो, "माणसं मरतायत आणि तुझे लोक पैशासाठी खेळ मांडून बसलेत." मला वाटलं, तो नेहमीसारखा उसळेल. तो उसळला नाही. म्हणाला, "असेल पैशासाठी. पण या वर्षी सगळंच अर्धवट राहिलंय रे. रेवाची शाळेची सहल, बाबांची पंचाहत्तरी, माझं पुण्याला जाणं... एक तरी गोष्ट शेवटपर्यंत गेलेली मला बघायची आहे." युरोपने अर्धवट सोडून दिलं यात मोठेपणा आहे असं मला तोवर वाटत होतं. त्याचं बोलणं ऐकून मी ते बोलून दाखवलं नाही.

त्या शरदात तो प्रत्येक मॅच बघत होता. "पोहे झाले" नेमाने येत होतं. अंतिम मालिका सुरू झाली आणि त्याला ताप आला. हाऊसआर्ट्सला, म्हणजे फॅमिली डॉक्टरांना, फोन केला तर पॅरासिटामॉल घ्या, आराम करा, श्वासाकडे लक्ष ठेवा. इथे आपण सगळे ज्याच्यावर विनोद करतो तेच उत्तर, आणि आम्ही त्यावर विनोद केलाही. तापातही त्याने एक मॅच बघितली, पोह्यांऐवजी पेज घेऊन. मेसेज आला, "पेज झाली." दोन-तीन दिवसांत दम लागायला लागला आणि अँब्युलन्स आली. अनघा आणि रेवाही घरात अडकलेल्या, त्यांच्याही चाचण्या पॉझिटिव्ह, त्यामुळे सोबत कुणालाच जाता आलं नाही. जाताना त्याने अनघाला काय सांगितलं असेल? "शेवटची मॅच रेकॉर्ड होईल ना, बघ."

ती मॅच झाली त्या दिवशी दुपारी त्याचा मला फोन आला. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असावा, आवाज लांबून आल्यासारखा येत होता आणि दोन शब्दांच्या मध्ये श्वास. म्हणाला, "अरे... हे लोक आता... झोपवणार आहेत मला. मशीनवर." मी काहीतरी बोललो, तू लवकर उठशील वगैरे, जे सगळे बोलतात. तो म्हणाला, "मॅच झाली ना?" मी म्हणालो, "मला काय माहीत." तो हसला, म्हणजे हसायचा प्रयत्न केला आणि खोकला आला. "खोटारडा. आवाजावरून... कळतंय. स्कोर सांगू नकोस." मी म्हणालो, "नाही सांगत." "आलो की बघू. तू पण ये. पोहे... मीच करीन." मग कुणीतरी त्याला डचमध्ये आता पुरे म्हणालं आणि तो त्यांना स्वच्छ डचमध्ये म्हणाला, एकच मिनिट, मित्र आहे. पण ते मिनिट त्याने काही न बोलता घालवलं. मी फक्त त्याचा श्वास ऐकत होतो.

या गोष्टीवर मी किती विचार केला आहे, सांगू शकत नाही. ज्या माणसाला निकालाची एवढी आस होती त्याला मी तो सांगून टाकायला हवा होता का? कानात दोन शब्द, बस्स. पण मग त्याला दुसरंही काहीतरी कळलं असतं. त्या घडीला स्कोर सांगणं म्हणजे, तू परत येऊन मॅच बघणार नाहीस असं मला वाटतंय, हे सांगणं होतं. आणि मला तसं वाटत नव्हतं. देवाशपथ वाटत नव्हतं. मला वाटत होतं, तो येईल, बारीक झालेला असेल, पोहे करील, आणि मी मुद्दाम चेहरा दगडासारखा ठेवून शेजारी बसेन.

पुढचे दिवस असे गेले की सकाळी अनघाला दवाखान्यातून फोन, मग तिचा मला. आज स्थिर. आज थोडं वाईट. आज पुन्हा स्थिर. डॉक्टर चांगले होते, ते खोटं कधी बोलले नाहीत. एकदा नर्सने व्हिडिओ कॉल लावून दिला आणि अनघा-रेवाने पडद्यावरच्या त्या नळ्यांशी बोलून घेतलं. मी घरी खिडकीपाशी उभा राहायचो आणि मला तो रिंगवर घरंगळणारा बॉल दिसायचा. कुणी हात लावायचा नाही, त्याचं त्याला ठरवू द्यायचं. आयुष्यभर मी ज्या नियमावर त्याच्याशी भांडलो तो माझाच नियम मला तेव्हा हवा होता. जोवर ठरलेलं नाही तोवर हात घालता यायला हवा होता. पण माझा हात कुठेच पोहोचत नव्हता, त्या इमारतीच्या पार्किंगपर्यंतसुद्धा नाही. मी खाली उभा राहून तोंड वर करून बघत होतो, जसं मी त्याच्या लोकांना हिणवायचो.

अंत्यसंस्काराला मोजक्याच लोकांना जाता आलं, तेही एकेक खुर्ची सोडून. पुण्यातल्या लोकांनी लिंकवरून बघितलं. त्याचे वडील पडद्यावर एका कोपऱ्यात दिसत होते आणि त्यांचं चित्र मध्येच थिजत होतं. मला ते टीव्हीच्या मागे हात घालून बटण पिळत बसलेले आठवले. अनघाला मिठी मारता आली नाही. रेवा, आता पंधरा वर्षांची आणि बापासारखीच उंच, हाताची घडी घालून उभी होती. मी जवळ गेलो तर ती एकदम, हल्लीच्या सवयीने इंग्रजीत, म्हणाली, "सुहासकाका, don't tell me." मला आधी कळेना. मग कळलं. एवढे दिवस तिने निकाल कळू दिला नव्हता. शाळेचा ग्रुप सोडला होता, बातम्या बंद केल्या होत्या, वर्गात कुणी त्या विषयावर बोललं की ती उठून बाहेर जात होती. बाबा यायचा होता ना बघायला. आणि बाबा आता येणार नव्हता, तरी तिने कायदा चालूच ठेवला होता.

काही आठवड्यांनी अनघाचा फोन आला. आवाज थकलेला. "सुहास, त्या रेकॉर्डिंगचं काय करू? रेवा बघू देत नाही आणि पुसूही देत नाही. पण बॉक्समधली रेकॉर्डिंग काही काळाने आपोआप जातात. ही आता जायला आलीय. तिला सांगितलं तर म्हणते, बघितली तर संपेल." मी विचारलं, "आणि नाही बघितली तर?" ती म्हणाली, "तेच मी तिला विचारलं. ती रडायला लागली." मग म्हणाली, "तू येशील? पाहुण्यांवर बंधन आहे, पण एकट्याला चालतं."

रविवारी सकाळी मी डीमनला गेलो. ट्रेन, ट्राम, सगळं रिकामं आणि मास्कमधले चेहरे. अनघाने पोहे केले होते. त्याच्यासारखे झाले नव्हते, तो शेंगदाणे जवळजवळ जाळायचा. रेवा सोफ्याच्या टोकाला गुडघे छातीशी घेऊन बसली होती. खालची कार्पेटवरची जागा मोकळी होती, तिथे अजूनही थोडं दबल्यासारखं दिसत होतं, का मला तसं वाटलं. रिमोट हातात घेऊन ती माझ्याकडे वळली. "काका, you know who won, right?" मी पोह्यांवर लिंबू पिळलं आणि म्हणालो, "काय म्हणालीस राणी? मला इंग्रजी येत नाही ना." ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग हसली, आणि हसता हसता तिला हुंदका आला, आणि तिने बटण दाबलं.

आम्ही पूर्ण मॅच बघितली. निकाल मी इथेही लिहीत नाही. तुम्हाला माहीत असेल किंवा सहज बघता येईल. प्रत्येक डावानंतर रेवा पॉज करायची, जसा तो करायचा, आणि आम्ही थोडा वेळ बोलायचो, चांगला पास, वाईट पास. तिसऱ्या डावात एक बॉल रिंगवर घरंगळला आणि आम्ही दोघांनीही एकदम खाली कार्पेटकडे बघितलं. शेवटच्या मिनिटांत रेवाने माझा हात धरला. अंतर राखायचा नियम मोडून धरला. शिटी वाजली, कागदाचे कपटे उडाले, खेळाडू मिठ्या मारायला लागले, आणि तिने करंडक द्यायच्या आधीच टीव्ही बंद केला. अनघाने बशा उचलल्या. रेवा उठून तिच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी अनघाला म्हणालो, "निघतो." ती म्हणाली, "बरं झालं आलास."

मी ट्रामच्या थांब्यावर येऊन उभा राहिलो. थंडी होती, पुढची ट्राम यायला थोडा वेळ होता. खिशात फोन थरथरला. काढून बघितला तर पडद्यावर मिलिंदचं नाव. त्याचा तो कोर्टावरचा जुना फोटो, आणि खाली रोमन अक्षरांत, कारण रेवाला देवनागरी लिहिता येत नाही, दोन शब्द. पोहे झाले.

तिने त्याच्या फोनवरून पाठवलं होतं. मला समजत होतं, तिनेच पाठवलंय. तरी माझा अंगठा सवयीने चालला. मी लिहिलं, "बोल." दोन निळ्या खुणा उमटल्या. मी फोन कानाजवळ धरून वाट बघत राहिलो. ट्राम आली, दारं उघडली, चालकाने माझ्याकडे बघितलं... मी त्याला हाताने पुढे जायला सांगितलं.